द्विवचनाच्या देशात एकवचनी

रविवारची संध्याकाळ. स्लोव्हेनियाच्या राजधानीहून, ल्युब्लियानाहून आलेली गाडी लेस्त्से-ब्लेड स्टेशनात थांबली. दारातून आधी एक अवाढव्य बॅग खाली आली आणि तिच्यामागून एक मुलगी. बॅगेच्या मुठीला मुंबई विमानतळाची पट्टी तशीच लोंबत होती. गाडी निघून गेली, दोनचार उतारू आपापल्या मोटारींत बसून दिसेनासे झाले आणि फलाटावर ती आणि कापलेल्या गवताचा ओलसर वास एवढंच उरलं. तिने फोन काढला, नकाशा पाहिला, मान वर करून चहूकडे पाहिलं आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं. स्टेशनच्या पाटीवर ब्लेड लिहिलेलं होतं. ज्या तळ्यासाठी लोक ब्लेडला येतात, ते मात्र कुठेच नव्हतं. ते तिथून चार किलोमीटरवर होतं. तिकीटखिडकी बंद, बस निघून गेलेली, टॅक्सी एकही उभी नाही. पाचेक मिनिटं ती तशीच उभी राहिली आणि मग बॅग ओढत रस्त्याला लागली. डांबरावर चाकांचा तो खरखराट बराच वेळ ऐकू येत होता.

पुढे काहीही वाईट घडलं नाही. तासाभरात ती पोचली असणार. रस्त्याकडेने पायवाट आहे, उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, आणि एकट्या बाईमाणसासाठी युरोपातल्या सर्वांत निर्धास्त जागांपैकी ही एक. तरीही तो खरखराट डोक्यातून जात नाही. कारण तिची तयारी कच्ची नव्हती. हातातल्या पारदर्शक फोल्डरमध्ये व्हिसाची झेरॉक्स, ३० हजार युरोंचा विमा, हॉटेलांची बुकिंगं, सगळं ओळीने लावलेलं दिसत होतं. सात हजार किलोमीटरचा हिशेब चोख होता. चुकला तो शेवटच्या चारांचा.

ब्लेडला दोन स्टेशनं आहेत आणि खरं सांगायचं तर दोन्ही गावाच्या मध्यावर नाहीत. लेस्त्से-ब्लेड मुख्य मार्गावर, म्हणून ल्युब्लियानाच्या गाड्या तिथे जातात. ब्लेड-येझेरो हे दुसरं स्टेशन तळ्याच्या पश्चिम अंगाला, टेकडीवर, येसेनित्सेहून नोव्हा गोरित्साकडे जाणाऱ्या वेगळ्या मार्गावर. हॉटेलं बहुतेक पूर्वेला. त्यामुळे आगगाडी कितीही मोहक वाटली तरी ल्युब्लियानाहून ब्लेडला बसने जावं. बस थेट गावात सोडते, सव्वा ते दीड तासात. दिवसा ती साधारण तासातासाला असते. संध्याकाळी आणि रविवारी विरळ होत जाते. तिकीट ड्रायव्हरकडे रोख मिळतं, म्हणून खिशात सुटे युरो हवेत. पन्नासची नोट पुढे केलीत तर ड्रायव्हर बोलणार काही नाही, पण त्याचा चेहरा बोलेल.

छोटा देश म्हणजे सोपा देश, अशी आपली समजूत असते. स्लोव्हेनियाचं क्षेत्रफळ २०,२७१ चौरस किलोमीटर. आपला अहिल्यानगर जिल्हाच १७ हजारांच्या वर आहे. म्हणजे एक जिल्हा आणि वर दोनतीन तालुके. वस्ती २१ लाखांच्या आसपास, एकट्या पुणे शहराहून कमी. नकाशा पाहिला की बोटाच्या पेराएवढ्या अंतरात आल्प्स, गुहा, द्राक्षमळे आणि समुद्र. मग माणूस आराखडा करतो: सकाळी ब्लेड, दुपारी पोस्तोयनाची गुहा, संध्याकाळी समुद्रकाठच्या पिरानला सूर्यास्त. स्वतःची मोटार असेल तर हे जमूनही जातं. बसने जाणाऱ्याला मात्र छोट्या देशाचं दुसरं तोंड दिसतं. माणसं थोडी, म्हणून फेऱ्या थोड्या. पुणे-मुंबईला एक गाडी चुकली तर पाठोपाठ दुसरी असते. बोहिन्यच्या खोऱ्यात एक बस चुकली तर दोन तास गेले, आणि शेवटची चुकली तर रात्र गेली. अंतर छोटं असतं, पण चुकायला जागा त्याहून छोटी असते.

त्यात डोंगर. बोहिन्य आणि कोबारिद ही दोन ठिकाणं नकाशावर शेजारी-शेजारी दिसतात. मधे ज्युलियन आल्प्सची भिंत आहे. वरंध घाट बंद झाला की भोरहून महाडला जाणाऱ्याला जो वळसा पडतो, तसाच इथे पडला असता. पण १९०६ साली सुरू झालेल्या रेल्वेमार्गाने तो वाचवला आहे. बोहिन्स्का बिस्त्रित्सा इथे गाडीत बसायचं, ६,३२७ मीटरच्या बोगद्यातून अंधारात जायचं आणि पलीकडे दुसऱ्याच हवेत बाहेर यायचं. झाडं वेगळी, उजेड वेगळा, घरांवरची कौलंही वेगळी. मोस्त ना सोची स्टेशनवर उतरून कोबारिदची बस. ही गाडी दिवसातून मोजक्या वेळा असते, म्हणून आधी तिची वेळ आणि मग बाकीचा दिवस. तसंच पुढे बसून राहिलात तर सोल्कानचा पूल लागतो, ८५ मीटरची दगडी कमान, रेल्वेपुलांत जगातली सर्वांत मोठी; आणि शेवटी नोव्हा गोरित्सा, जिथे स्टेशनसमोरच्या चौकातूनच इटलीची सीमा जाते. एक पाय इकडे, एक तिकडे असा फोटो सगळेच काढतात. काढावा. मात्र व्हेनिसची गाडी तिथून सुटत नाही. ती इटलीच्या गोरित्सियातून, आणि ते स्टेशन शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. पुन्हा तेच शेवटचे किलोमीटर.

वेळापत्रक वाचायला भाषा यावी लागत नाही, पाचसहा शब्द पुरतात. ओधोद म्हणजे निघण्याची वेळ, प्रिहोद पोचण्याची, पेरोन म्हणजे फलाट, झाप्रतो म्हणजे बंद. आणि नेदेल्या. नेदेल्या म्हणजे रविवार. फोड केली तर 'न-काम'. हा शब्द तिथे अजून शब्दशः पाळला जातो. २०२०च्या कायद्याने रविवारी आणि सरकारी सुट्टीला दुकानं बंद असतात. सूट आहे ती पेट्रोलपंप, स्टेशन, विमानतळ अशा जागी असलेल्या छोट्या दुकानांना आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशांना. ल्युब्लियानाचा उघडा बाजारही रविवारी नसतो. शनिवारी दुपारीच पाव, दही, फळं, चीज घेऊन ठेवलं नाही तर रविवारी रात्री पेट्रोलपंपावरचा गारढोण सँडविच नशिबी येतो. खेड्यांकडे जाणाऱ्या बसगाड्यांतही एक खाच आहे: काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवसांच्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं घरी, म्हणून ती बसही घरी. पर्यटकांचा हंगाम आणि शाळेची सुट्टी एकाच वेळी येते, हे आपल्याला सुचत नाही. वेळापत्रकाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं तेच सांगत असतात.

सुट्ट्यांची यादीही आधी पाहून ठेवावी. तीत ८ फेब्रुवारी आहे: फ्रान्स प्रेशेरेन या कवीची पुण्यतिथी, देशभर सरकारी सुट्टी. आपल्याकडे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी भाषेचा गौरव होतो, पण कचेऱ्या चालू असतात. तिथे कवीसाठी दुकानं बंद होतात आणि संग्रहालयं फुकट उघडतात. किराणा नाही, पण चित्रं आहेत. कवीच्या दिवशी तेवढं चालवून घ्यावं.

आता त्या भाषेबद्दल.

स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन जिवंत आहे. संस्कृत शिकताना 'रामः रामौ रामाः' घोकताना मधल्या रूपाचा राग न आलेला मराठी विद्यार्थी विरळा. आपल्या भाषेने ते ओझं केव्हाच उतरवलं. 'दोघे, दोघी, दोघं' एवढ्या खुणा ठेवल्या. तिथे मात्र कॉफी मागवायची तरी रूप बदलतं: एनो कावो, द्वे कावी, त्री कावे, आणि पाचांपासून पुढे पेत काव. ते 'द्वे' हुबेहूब संस्कृतातलं, स्त्रीलिंगी द्विवचनाचं. आणखी एक गंमत. त्यांच्या भाषेत 'मी' या उच्चाराचा अर्थ होतो 'आम्ही', पुष्कळ जण. दोघेच असतील तर मिद्वा. एकटा असेल तो याझ. म्हणजे विमानातून 'मी' म्हणून उतरलेल्या माणसाला तिथे आधी स्वतःचा शब्दच बदलावा लागतो. अनोळखी माणसाला 'ती' म्हणजे तू म्हणायचं नाही, 'व्ही' म्हणायचं. आपलं आदराचं तुम्हीच ते. दुकानात शिरताना 'दोबेर दान' आणि निघताना 'ह्वाला' एवढं तरी तोंडातून यावं. तरुण पिढी बहुतेक सगळी इंग्रजी बोलते, तेव्हा अडणार काही नाही. पण न बोलता आत शिरणारा गिऱ्हाईक तिथे उर्मट ठरतो.

द्विवचनाचा हा देश एकट्याला खर्चातही जाणवत राहतो. खोलीचं भाडं दोघांच्या हिशेबाने ठरलेलं. एकट्याला फारतर थोडी सवलत. टॅक्सी एकट्याने भरायची. ब्लेडच्या बेटावर नेणारी प्लेतना नावाची छत असलेली होडी घ्या: दर माणशी पैसे, पण पुरेशी माणसं जमेपर्यंत नावाडी हलत नाही. एकटं असाल तर सकाळी गर्दीच्या पहिल्या लाटेबरोबर जा, नाहीतर काठावर बसून बदकं मोजत राहा. वल्हवायची छोटी होडी तासाच्या भाड्याने मिळते, पण ते भाडं होडीचं असतं, माणसाचं नव्हे. बेटावर उतरलं की ९९ पायऱ्या. रीत अशी की नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या. एकट्याने आपली पाठपिशवी उचलावी. याउलट तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची वाट फुकट आहे आणि ती एकट्यानेच चालावी. पहाटे सहाला, धुकं अजून पाण्यावर टेकलेलं असताना. दहानंतर तिथे जत्रा असते.

शाकाहारी माणसाची कसोटी वेगळीच. जेवणाच्या यादीत पदार्थ निरुपद्रवी दिसतात आणि आत काहीतरी निघतं. आय्दोवी झ्गान्त्सी हा गहू नसलेल्या पिठाचा उकडीचा प्रकार. उत्तरेत उपासाला खातात तोच हा कुट्टू. वर मात्र डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे पेरतात, ओत्स्विर्की. योता म्हणजे आंबवलेली कोबी आणि राजमा. वाचायला छान, पण भांड्यात धुरावलेलं मांस शिजलेलं असण्याचीच शक्यता जास्त. इद्रिया गावचे झ्लिक्रोफी, सारण भरलेल्या छोट्या पुरचुंड्या, बटाट्याचे म्हणून मागवाल, सारणात चरबी निघेल. म्हणून 'ब्रेझ मेसा', मांसाशिवाय, एवढ्यावर न थांबता 'ब्रेझ ओत्स्विर्कोव' हेही म्हणायचं, कारण तिथल्या स्वयंपाक्याच्या लेखी ओत्स्विर्की म्हणजे मांस नव्हे, आपल्याकडे फोडणी असते तशी ती वरची सजावट. बिनधोक आहेत ते श्त्रुक्ली: चीज, अक्रोड किंवा सफरचंद भरून गुंडाळलेले आणि उकडलेले, खांडवीची आणि मोदकाची एकत्र आठवण करून देणारे. कामाच्या दिवशी सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत खाणावळींच्या दारात खडूने 'मालित्सा' लिहिलेलं असतं. कामगारांचं हे ठरावीक ताट संध्याकाळच्या जेवणापेक्षा बरंच स्वस्त. एकट्याला त्यात अवघडलेपणही नाही, कारण तिथे बरेच जण एकटेच जेवत असतात. ल्युब्लियानात शुक्रवारी, मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर बाजाराच्या चौकात 'उघडं स्वयंपाकघर' नावाची खाण्याची जत्रा भरते. त्याच आठवड्यात असाल तर शुक्रवार शहरासाठी राखून ठेवा. पाणी विकत घेऊ नका. नळाचं उत्तम असतं.

डोंगराचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. त्रिग्लाव, २,८६४ मीटर, प्रत्येक स्लोव्हेनियन माणसाने आयुष्यात एकदा चढावा असं ते म्हणतात; पहिल्यांदा एकट्याने आलेल्या आपल्या माणसाने तो चढावा असं कोणीही म्हणत नाही. सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय इथे उलटी अंगावर येते. तिकडे पावसाळ्यात वाटेवर पाणीच पाणी असतं. इथला चुनखडीचा डोंगर पडलेलं पाणी गिळून टाकतो आणि वर झरा सापडत नाही, तेव्हा दोन लिटर पाठीवरूनच न्यावं. वाटा उत्तम आखलेल्या आहेत: लाल वर्तुळात पांढरा ठिपका. पाटीवर किलोमीटर नव्हे, तास लिहिलेले असतात, आणि ते विश्रांती धरून नसतात. फोटो काढत जाणाऱ्याने दीडपट धरावेत. पाटीवर 'झाहतेव्ना' दिसलं की हात लावून चढायच्या जागा येणार, 'झेलो झाहतेव्ना' दिसलं की हेल्मेट आणि दोर. दोन्ही ठिकाणी एकट्याने मागे वळावं. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळं जमतात, म्हणून सहा-सातला निघून एक-दोनला खाली. उंचावरचे डोंगरी आसरे साधारण जूनअखेर ते सप्टेंबर उघडे असतात. तिथे झोपायचं तर स्वतःची आतली चादर-पिशवी लागते. शिखरावर आणि आसऱ्यात नोंदवही ठेवलेली असते. तिच्यात नाव, वेळ आणि पुढे कुठे चाललोय हे लिहावं, आणि निघताना घरमालकिणीलाही सांगावं. ती नोंद हौसेची वाटते. शोधायला येणाऱ्या माणसाला सुरुवात तिथूनच करावी लागते. संकटात ११२, पोलीस ११३. आणि विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा व हेलिकॉप्टर ही दोन कलमं मुंबईतच वाचून घ्यावीत.

पहिल्यांदाच आलेल्याला बोहिन्यच्या तळ्याला फेरी, बारा किलोमीटर, पुरेशी आहे. पण तिथेही गवतातून चालताना लांब पँट मोज्यात खोचावी. गोचीड. आपल्याकडे ती गुरांच्या कानात असते म्हणून आपण घाबरत नाही; मध्य युरोपात तिच्यातून मेंदूज्वर आणि लाइम हे दोन्ही होतात. रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला पाहायचं. एकटं असताना पाठ आरशातच पाहावी लागते. सापडली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीपाशी धरून सरळ वर ओढायची; तेल, काडी, नेलपॉलिश यांतलं काही नको. नंतरच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरताना दिसलं किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगायचं, कारण मुंबईचा डॉक्टर आपणहून विचारणार नाही.

कागदपत्रांचं सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दोन गोष्टी. व्हिसा मागायचा तो जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच झाल्या तर जिथून प्रथम शिरणार त्याच्याकडे. स्लोव्हेनियाला भारतातून थेट विमान नाही, व्हेनिस, व्हिएन्ना किंवा झाग्रेबवरून जाता येतं, आणि मग 'दोन रात्री इकडे, दोन तिकडे' करताना हा हिशेब नकळत उलटतो. दुसरी: शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) म्हणजे तपासणी नाही, हे आता अर्धंच खरं. २०२३च्या ऑक्टोबरपासून क्रोएशिया आणि हंगेरीच्या बाजूने येताना पुन्हा तपासणी सुरू झालेली आहे. बस थांबते, पोलीस चढतो, आणि आपला पासपोर्ट खाली सामानाच्या पोटात असतो. तो अंगावरच हवा. एटीएमने 'रुपयांत वळवू का' असं विचारलं तर नाही म्हणायचं, युरोच निवडायचे. ती मदत नसते, महागडा दर असतो.

आणि बॅग. त्या मुलीची बॅग चेक-इनच्या २३ किलोंच्या मर्यादेला टेकलेली असावी. विमान कंपनी देते म्हणून आपण ते सगळे किलो भरतो. तिथल्या जुन्या डब्यांना तीन उंच पायऱ्या असतात, फलाट खाली राहतो. जुन्या शहरांत दगडी फरसबंदी आणि लिफ्ट नसलेले जिने. एका हाताने खांद्यापर्यंत उचलता येईल तेवढीच बॅग आपली. ल्युब्लियानात तीन-चार रात्री, तळ्यांकडे दोन-तीन, असे दोनच तळ ठोकावेत आणि बाकी सगळं पाठपिशवीवर.

तीन दिवसांनी ती पुन्हा दिसली. ल्युब्लियाना स्टेशनच्या तिकीटखिडकीपाशी, बॅगेशिवाय, पाठीवर छोटी पिशवी आणि हातात एक स्वेटर. बाहेर तीस अंश असताना स्वेटर म्हणजे गुहा. श्कोत्सियानच्या गुहेत बारमाही १२ अंश असतात आणि जमिनीखालच्या नदीवर साधारण ४५ मीटर उंच पूल ओलांडावा लागतो. त्यासाठी दिवाचाला उतरायचं. तिथून गुहेचं दार तीन किलोमीटर, काही गाड्यांना फुकट बस मिळते, बाकीच्यांना पाइनच्या झाडीतून पायवाट. रांगेत तिच्या ओठांची हालचाल चालू होती, परीक्षेआधी चालते तशी. खिडकीपाशी आल्यावर ती म्हणाली, "एनो पोव्रात्नो दो दिवाचे, प्रोसिम." पोव्रात्ना म्हणजे परतीचं; आपल्या परतण्यातला आणि त्यांच्या पोव्रात्नातला 'रत' एकाच जुन्या धातूतून आला आहे, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. खिडकीतल्या बाईने तिकीट सरकवलं. ते तिने पिशवीत ठेवलं, पण गाडीकडे गेली नाही. आधी भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभी राहिली, दिवाचाहून संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्यांवर बोट फिरवत खालपर्यंत आली, शेवटच्या ओळीचा फोटो काढला, आणि मग फलाट शोधायला लागली.